कडेक बघ

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, मी उजेडाचे कण मोजते. लोक आधी हसतात, मग विषय बदलतात. एका लग्नात तर लांबच्या एका मावशींनी माझा हात हातात घेऊन, "होयत गो सगळां बरां," असा धीरही दिला होता. मीही मान हलवली. पंगत बसत होती आणि मला भूक लागली होती.

पण काम खरोखर तेच आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही चिप तपासतो. मसुरीच्या डाळीएवढा सिलिकॉनचा तुकडा, त्यावर हजारो बारीक चौकोन, आणि प्रत्येक चौकोन उजेडाच्या एकाच कणासाठी टपून बसलेला. उजेड कणाकणाने येतो हे शाळेत शिकवतात. आपण ते पाठ करतो, पेपरात लिहितो आणि सोडून देतो. मीही सोडून दिलं होतं. मग नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका ज्येष्ठ बाईंनी मला अंधाऱ्या खोलीत नेलं, चिप बसवलेल्या पेटीवर काळं कापड टाकलं आणि म्हणाल्या, ऐक. टिक्. बराच वेळ काही नाही. टिक्. टिक्. "हा एकेक कण," त्या म्हणाल्या. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं झाली तरी अजून येतो, पण हे मी बैठकीत बोलत नाही. तिथे आलेख मागतात.

त्या चौकोनात चालतं काय, तेही सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. चौकोनावर विजेचा दाब असा ठेवलेला असतो की काठोकाठ भरलेल्या कळशीसारखी त्याची गत होते. एक थेंब पडला की सांडलीच. उजेडाचा एक कण पडतो, चौकोन सांडतो, तो एक ठोका. ठोका नेमका कधी पडला हे चिप टिपून घेते. मग चौकोन पुन्हा भरायचा आणि पुन्हा वाट बघायची. गंमत म्हणजे पूर्ण अंधारातही तो अधूनमधून उगाच सांडतो, स्वतःच्या उष्णतेने. त्यामुळे एकट्या ठोक्याकडे बघून तो खरा की खोटा हे कोणालाच सांगता येत नाही. लाखो ठोके जमवावे लागतात, तेव्हा कुठे खरं काय ते वर येतं.

आणि हा सगळा खटाटोप डोळ्यांसाठी आहे. हळद खोबरेल तेलात कालवून तिच्यावर जांभळा उजेड टाकला तर ती हिरवट पिवळी पेटल्यासारखी दिसते. आलेला उजेड ती गिळते, जराशी धरून ठेवते आणि आपल्या रंगाचा करून सोडून देते. डोळ्याच्या आतला पडदाही हेच करतो, फक्त इतक्या मंदपणे की समोरच्याला काही दिसत नाही. त्याने उजेड किती वेळ धरला, ते आम्ही मोजतो. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एखादा, पुष्कळदा त्याहूनही कमी. तेवढ्या वेळात उजेड स्वतः जेमतेम फूटभर जातो. पडद्याची एखादी जागा थकली की तिथला उजेड वेगळ्या वेळाने सुटतो, आणि अशा वेळांचा रंगीत नकाशा काढून त्यावरून आजाराची चाहूल घेता येईल का, हे आमचं काम. मी चिपची बाजू बघते, माणसांचे डोळे बघायला इस्पितळातले डॉक्टर असतात.

माझे वडील गुरव. आचऱ्याच्या अलीकडे आमचं छोटं गाव, तिथल्या ग्रामदेवतेची पूजा आणि कौल आमच्या घराकडे. कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा. पिटकुळी नावाच्या झुडपाच्या न उमललेल्या कळ्या, आमच्याकडे त्यांना कळे म्हणतात, त्या पाण्यात भिजवून पाषाणाला चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग मानकरी गाऱ्हाणं घालतो, लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि सगळे गप्प बसून वाट बघतात. उजवा कळा आधी पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. मुलीचं लग्न, विहिरीची जागा, नवी होडी पाण्यात कधी घालायची, सगळं त्या दोन कळ्यांवर. कळा पडला की गुरवाने सांगायचं, उजवा की डावा. आमच्या गाभाऱ्यात समईशिवाय उजेड नाही आणि गुरवच सगळ्यांत जवळ बसलेला असतो, म्हणून त्याच्या तोंडून आलं की ते झालं.

आम्ही दोघं एकाच धंद्यातले, असं मी बाबांना चिडवायचे. दोघंही काहीतरी सुटायची वाट बघत बसतो.

"तुका लाख व्हये," बाबा म्हणायचे, "माका एक पुरता."

गेल्या वर्षी जत्रेनंतर आईचा फोन आला. आई फोनवर आधी पाऊसपाणी, मग शेजारीपाजारी, मग मुद्दा, अशा क्रमाने बोलते. त्या दिवशी थेट मुद्दाच आला.

"गो, तू येवन जा बघूया एकदा. लोक बोलाक लागलेत. कौल लावताना हे देवाकडे बघणत नाय."

"बघत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे तोंड फिरवतत. भिंतीकडे बघतत आणि सांगतत, उजवो झालो, डावो झालो. माका इचारशीत तर मी काय सांगू? माझ्याकडे तरी खंय बघतत!"

गावात त्याचे अर्थ लागले होते. कोणी म्हणत होतं, देव गुरवावर रुसला, म्हणून गुरवाला त्याच्याकडे बघवत नाही. कोणी म्हणत होतं, गुरवाच्या मनात पाप आहे. आणि एकदा तसं बोललं गेलं की मागचंही उकरलं जातं. मग या वर्षभरात दिलेले कौल तरी खरे कशावरून? ज्यांची लग्नं ठरली ते कुजबुजायला लागले, ज्यांच्या विहिरीला पाणी कमी लागलं ते तर उघडच बोलायला लागले. शेवटी मुख्य मानकऱ्यांनी सोमवार ठरवला होता. त्या दिवशी खुद्द गुरवावरच कौल लावायचा. उजवा आला तर सेवा बाबांकडे राहणार, डावा आला तर ती आमच्या चुलतकाकांकडे जाणार. हे मानकरी बाबांचे बालमित्र, एका शेतात गुरं राखलेले, पण मैत्री वेगळी आणि देवाचं काम वेगळं, असं मानणारा माणूस. मला त्यांचा राग आला. मला राग लवकर येतो.

त्याच आठवड्यात मला ओरोसला, शाळांतल्या विज्ञान शिक्षकांसमोर बोलायला बोलावलं होतं. त्यासाठी चिप बसवलेली, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी सोबत घेतली आणि घरी आले.

बाबा ओट्यावर बसले होते. "इलंस?" म्हणाले, पण माझ्याकडे बघून नाही, माझ्या कानाकडे बघून. जेवतानाही तेच. मी पुण्याचं काही सांगत होते आणि ते माझ्या खांद्यावरून पलीकडच्या दाराशी बोलत होते. मी जत्रेला आले नव्हते, म्हणून फुगले असतील असं मला वाटलं. तसे ते फुगतात. मीही मग पापडाकडे बघून उत्तरं द्यायला लागले. आई दोघांकडे बघून म्हणाली, "बाप तशी लेक," आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी तपासायला घेतली. घाटातल्या खड्ड्यांनी तिच्यात काही हललं नाही ना, हे बघायचं तर गडद अंधार हवा. आमचं घर आता स्लॅबचं, चारी बाजूंनी काचेच्या खिडक्या, आईची हौस. कपाटात बसून बघितलं, तिथेही फटीतून ऊन. बाबा बाहेरून माझी धडपड ऐकत होते.

"काळोख व्हयो तर चल माझ्यावांगडा," ते म्हणाले. "देवाकडे भरपूर आसा."

देवळाच्या मागच्या अंगाला पालखी, ढोल आणि तरंग, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या, ठेवायची खोली आहे. तिला खिडकी नाही. पेटीतून उजेड निघतो, देवाला चालेल ना, असं मी विचारलं तर म्हणाले, "तेका काय उजेड नवो नाय." दार लावलं, उंबऱ्याच्या फटीत बाबांनी आपला पंचा कोंबला, आणि आम्ही दोघं जुन्या सतरंजीवर बसलो. तेलाचा, धुपाचा आणि ढोलाच्या चामड्याचा वास. डोळे अंधाराला सरावायला बराच वेळ लागतो, म्हणून मी बोलत राहिले. पेटीच्या तोंडाशी एक मंद लाल ठिपका आहे, तो फक्त जागा कळावी म्हणून. मी बटण दाबलं की त्या ठिपक्यापाशी हिरवट उजेडाचा एक झपका येतो, पण वाटेत काळ्या काचांवर काचा आहेत, त्यामुळे बाहेर पडतात ते मोजके कण. ते माणसाला दिसण्यासारखे नसतात, असं मी सांगितलं. चिपला कळतात. ठोके ऐकायला मी एका कानात इअरफोन घातला होता.

बटण दाबलं. कानात ठोके पडले. पेटी धडधाकट होती, माझा जीव भांड्यात पडला.

"इलो," बाबा म्हणाले.

"काय आलं?"

"उजेड."

मी हसले. पुन्हा दाबलं. "इलो." बटण रबरी, त्याचा आवाज येत नाही, तरी मला संशय आला की माझ्या बोटाची हालचाल त्यांना कळत असेल. मग मी नुसतंच बोट हलवलं, बटण दाबलं नाही. बाबा गप्प. पुन्हा तसंच. गप्प. तिसऱ्यांदा खरोखर दाबलं. "इलो." मी काळ्या काचांमध्ये आणखी एक काच घातली. आता एखादाच झपका त्यांच्या हातून सुटत होता, बाकीचे ते बरोबर सांगत होते. आणि मी, जिची ही पेटी, जिने ती आपल्या हाताने जोडली, त्या लाल ठिपक्यावर डोळे फोडून बसले होते आणि मला काहीही दिसत नव्हतं.

"तुम्हाला खरंच दिसतंय?"

"सरळ कित्याक बघतस गो? कडेक बघ. ठिपक्याच्या वायच कडेक."

मी नजर थोडी बाजूला नेली. दाबलं. आणि तो आला. रंग नव्हता त्याला. करड्या धुळीची फुंकर यावी तसं काहीतरी आलं आणि गेलं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. माझ्या कानात टिक् आणि माझ्याच डोळ्यात तो झपका, दोन्ही एका वेळी. चिपवर हजारो वेळा मोजलेली गोष्ट मी पहिल्यांदा बघत होते. त्या झपक्यातून मूठभर कण डोळ्यात शिरले असतील, त्यातलेही बरेच वाटेत हरवले असतील, आणि जे थोडे उरले त्यांनी मला सांगितलं, आम्ही आलो. आपल्या डोळ्यात हे आधीपासूनच आहे. कोणी कारखान्यात बनवलेलं नाही, विजेचा दाब नाही, काही नाही. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण देवळात होते म्हणून बाबांचा हात घट्ट धरला.

मग डोकं चालायला लागलं. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या अगदी मधोमध नसतात, त्या आजूबाजूला असतात; म्हणून अंधुक तारा बघायचा तर जरा बाजूला बघतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं आणि तरीही मी सरळ बघत बसले होते.

"बाबा, कडेला बघायचं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

 उजेडात विचारलं असतं तर उत्तर कधीच आलं नसतं, असं मला अजून वाटतं.

"सांगतलो कोण?" ते म्हणाले. "मदी काय रवलाच नाय. मदी काळो खळगो आसा."

"कधीपासून?"

"आदल्या जत्रेपासून. आधी अक्षरां वाकडी दिसाक लागली. मगे माणसांची तोंडां गेली. देवाच्या तोंडाक बघलंय तर तोंडच नाय, गो. नुसतो काळोख. म्हणान कडेक बघतंय. कडेक बघलंय की देव दिसता."

मी रडले. अंधाराचा तो एक फायदा होता. ज्या आजाराचे नकाशे मी पुण्यात रोज रंगवत होते तोच हा, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खाणारा, आणि तो माझ्या घरात वर्षभर पापड खात बसला होता. माझ्या कानाशी बोलत होता, कारण कानाकडे बघितलं तरच माझा चेहरा दिसत होता.

डोळे पुसून मी भांडायला लागले. डॉक्टर, पुणे, आजच्या आज. आणि आधी मानकऱ्यांकडे जाऊन सांगते, म्हटलं, की हे पाप-बिप काही नाही, आजार आहे. बाबांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाले, "आणि वर्षाचे कौल? लोक म्हणतीत, गुरव आंधळो होतो, मनाक येयत तां सांगी होतो. तेंची लग्नां काय मोडूची?"

"पण तुम्हाला कळे दिसत होते का? खरं सांगा."

"पडललो कळो दिसणा नाय," ते हळू बोलले. "पण पडताना दिसता. हलता ना तो. आदी दिसा नाय इतको आता दिसता."

हेही खरं होतं. नजरेच्या कडेला बारकावे कळत नाहीत, पण तिथे काही हललं की डोळा चटकन पकडतो. मी त्यांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, तुझ्या पुस्तकातही आहे म्हणायचं, पण सोमवारी तू काही बोलायचं नाहीस, देवासमोर मी बोलेन. एवढं बोलून त्यांनी उंबऱ्यातला पंचा काढला. बाहेरचं ऊन डोळ्यात इतकं खुपलं की दोघंही हात आडवे धरून उभे राहिलो.

सोमवारी सकाळी देऊळ भरलं. बाबांनी पूजा केली, नंतर बाहेर आले आणि मानकऱ्यांसमोर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माजे डोळे मदी गेले आसत. सरळ बघलंय तर माका दिसणा नाय, कडेन दिसता. म्हणान मी तोंड फिरवतंय. देवावर माजो राग नाय आणि देवाचो माज्यावर आसा काय तां तो सांगात."

कोणीतरी मागे म्हणालं, "कडेन कसां दिसतलां?" कोणी हसलंही. मी तोंड उघडणार होते, आईने माझा दंड असा चिमटला की वळ उठला. मानकऱ्यांचा चेहरा पडला होता. आपल्या मित्राला दिसत नाही हे आपल्याला कळलं नाही, हे त्यांना लागलं असावं. पण ठरलेलं ठरलेलं. चुलतकाकांनी कळे लावले. बाबा आपल्या नेहमीच्या जागी, पाषाणाजवळ बसले. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आजपावत तुझी सेवा केल्यान. ती हेच्याच हातून पुढे चलाक व्हयी आसात तर उजवो दी. आता हेका इसावो देवचो आसात तर डावो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग सगळं शांत. दारात माणसं दाटल्यामुळे बाहेरचा उजेड अडला होता, आत फक्त समई. सगळे माना पुढे काढून, डोळे ताणून कळ्यांकडे बघत होते. बाबा भिंतीकडे बघत होते. मी मनात उजवा उजवा म्हणत होते. मी देवाकडे कधी काही मागत नाही, प्रयोगशाळेत तर देवाचं नावही काढत नाही, पण त्या वेळी मागितलं आणि अगदी मनापासून मागितलं. ज्या पहाटे बाबा देवळात जाणार नाहीत ती पहाट ते कशी काढतील, हे माझ्या डोळ्यांसमोर येत नव्हतं. कळे हलत नव्हते. एका म्हाताऱ्याला खोकला आला, त्याने तोही दाबला.

"पडलो," बाबा म्हणाले.

सगळे दचकले. कोणालाही काही दिसलं नव्हतं. मलाही नाही, कारण मी पुन्हा सरळच बघत होते.

"खंयचो?" मानकऱ्यांनी विचारलं.

बाबा जराही थांबले नाहीत. "डावो," म्हणाले.

मानकरी निरांजन घेऊन पुढे झाले आणि वाकले. उजवा कळा जागेवर होता. डावा खाली, पाषाणाच्या पायाशी, ओला, शेंगदाण्याएवढासुद्धा नव्हता. मानकरी वाकलेलेच राहिले. मग वळून बाबांना म्हणाले, "तुका दिसलो?"

"दिसलो."

"आमका कोणाक दिसलो नाय रे."

 मानकरी लोकांकडे वळले, आवाज चढवून म्हणाले, "ऐकलात मां? आदीचे सगळे कौल खरे. आजपासून कोण काय बोललो तर माझ्याशी गाठ आसा." आणि मग मित्राच्या शेजारी गाभाऱ्यातच खाली बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. दोघंही म्हातारे तसेच बसून राहिले.

मला देवाचा राग आला. आलेला राग मी लपवत नाही. ज्या माणसाला सगळ्यांच्या आधी दिसलं त्यालाच तू घरी बसवलंस? पण घरी येताना बाबांची पावलं हलकी होती. आई मात्र रस्ताभर पदराने डोळे पुसत होती. "सेवा गेली आणि तुम्ही हसतास काय?" तिने विचारलं. ते म्हणाले, "अगो, सेवा गेली. खोटेपणा मात्र लागूक नाय."

ओरोसच्या शिक्षकांना मी कडेला बघायचा प्रयोग दाखवला. त्यानंतर पंधरवड्यात बाबा पुण्यात आले. डॉक्टरांनी डोळे तपासून स्पष्ट सांगितलं की मधलं गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं. मग त्यांनीच विचारलं, अभ्यासासाठी या डोळ्याचा नकाशा घेऊ का, तुमच्या मुलीची चिप आहे त्यात. बाबा म्हणाले, घ्या.

त्यांनी हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. डॉक्टरांनी निळा उजेड सोडला, अगदी मंद, डोळ्याला सोसेल असा. मी बाजूच्या संगणकाच्या पडद्यासमोर बसले. सुरुवातीला पडदा काळा. मग एक ठिपका, दुसरा, इकडे एक, तिकडे एक. हा उजेड आत्ता, या घटकेला, माझ्या बाबांच्या डोळ्यात शिरला होता, तिथे सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढा राहिला होता, आणि सुटून माझ्या चिपवर पडत होता. एकेक कण. ज्या डोळ्यांनी त्यांनी देव बघितला, मला पहिल्यांदा बघितलं, कळे बघितले, त्याच डोळ्यांतून तो येत होता.  हळूहळू नकाशा उमटला. निरोगी डोळ्यात अगदी मधोमध उजेड लवकर सुटतो. बाबांच्या डोळ्यात तो तिथेच रेंगाळत होता, मधे एक मोठा वेगळ्या रंगाचा डाग दिसत होता. आणि त्याच्याभोवती, अगदी कडेपर्यंत, सगळं चांगलं होतं.

"काय गो," हनुवटी न हलवता बाबांनी विचारलं, "उजवो की डावो?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. तोंडावर आलं होतं की अजून नीट कळत नाही, आणखी मोजावं लागेल, लाखो कण लागतात. इस्पितळात तसं सांगतात आणि ते खोटंही नसतं. पण विचारणारा कौल सांगणारा होता.

"मदी डावो," मी म्हटलं. "कडेक उजवो."

"बरां," बाबा म्हणाले. "दिसलां तां सांगलंस."

मग त्यांनी हनुवटी उचलली, आणि मला नीट बघता यावं म्हणून माझ्या कानाकडे बघितलं.